मबार्काची शपथ

मबार्काने कुणाचं दार वाजवलं की आतून "कोण आहे?" असं येत नसे. "कोण गेलं?" असं येई. मेकनेसच्या जुन्या शहरात, दर्ब लमान गल्लीत, अख्खं आयुष्य तिने हे ऐकून घेतलं. बिचारी कधी कोथिंबिरीची जुडी मागायला गेलेली असे, कधी नुसता निरोप सांगायला. पण दार उघडणारीचा चेहरा आधी पांढराफटक पडायचा. मग मबार्काच्या हातात बादली नाही हे बघून जिवात जीव यायचा. "अगं तू होय! घाबरवलंस की मेले!" असं म्हणून ती बाई हसायची. मबार्काही हसायची. करणार काय?

तिची कामं दोन. एक हमामातलं, म्हणजे गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरातलं. बायकांच्या वेळेला गरम खोलीत बसायचं, हातात खरखरीत मोजा चढवायचा आणि पुढ्यात येईल तिची पाठ, दंड, पोटऱ्या घासून मळाच्या वळ्या काढायच्या. दुसरं काम तिने मागितलं नव्हतं, ते तिच्या गळ्यात पडलं. झेरहूनच्या डोंगरातून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा नवरा हमामची भट्टी सांभाळायचा. सासू महाखट. पुढे ती ऐन उन्हाळ्यात वारली आणि गल्लीतली मेलेल्यांना न्हाऊ घालणारी बाई नेमकी परगावी गेलेली. मबार्काने बाह्या वर केल्या आणि सासूला स्वतः धुतलं. जन्मभर जिने टोमण्यांनी जीव नकोसा केला, तिचे केस तिने इतक्या हलक्या हाताने विंचरले की बघणाऱ्या बायकांना रडू आवरेना. तेव्हापासून गल्लीत कुठल्याही बाईने डोळे मिटले की बोलावणं मबार्काला.

आता गंमत बघा. याच बायका गुरुवारी हमामात तिच्या पुढ्यात पाठ करून बसत आणि "जरा जोरात गं, हात आहेत की लोणी!" म्हणून चिडवत. पण नवरी आंघोळीला आली की मबार्काला हळूच बाहेरच्या खोलीत पाठवत. पोटुशी बाई तिला बघून रस्ता बदलायची. आणि आजाऱ्याच्या घरी तर तिने पाऊलच टाकायचं नाही, हे कुणी न सांगता ठरलेलं. तरुणपणी एकदा चुकली ती. शेजारची रहमा तापाने पडली होती म्हणून सूप घेऊन गेली. रहमाने डोळे उघडले, हिचं तोंड पाहिलं आणि "नाही! अजून नाही! हिला बाहेर काढा!" म्हणून भिंतीकडे तोंड करून किंचाळायला लागली. घरच्यांनी सुपाच्या भांड्यासकट हिला दाराबाहेर काढलं. रहमा त्या तापातून उठली, पुढे बरीच वर्षं जगली, पण मबार्काने धसका घेतला तो घेतलाच. त्यानंतर कुणीही आजारी पडलं की ती सूप करायची, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची आणि आपण कोपऱ्यावर उभी राहून भांडं परत यायची वाट बघायची. भांडं रिकामं आलं की तिला बरं वाटायचं.

नवरा छातीच्या दुखण्याने गेला. मूल झालं नाही. हमामाच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिच्यात ती एकटी राहायची.

त्या मागच्या बाजूलाच भट्टीची भिंत. आत दिवसभर भुसा आणि लाकूड जळायचं, त्यामुळे बाहेरून भिंत हिवाळ्यातही कोमट असायची. ज्यांना घर नाही अशा दोघीतिघी बायका त्या भिंतीला पाठ लावून झोपायच्या. त्यांची म्होरकी ताहरा. वय विचारलं तर म्हणायची, "दात मोज." दात नव्हतेच. कधीकाळी लोकर कातायची म्हणे, लेकाने घर विकलं आणि परदेशी पळाला म्हणे. खरं खोटं तीच जाणे, कारण दर वेळी गोष्ट वेगळी सांगायची. तोंडाने फाटकी होती, पण दोन अर्धवेड्या बायकांना ती आईसारखी सांभाळायची. स्वतःला मिळालेली भाकरी आधी त्यांच्या तोंडात घालायची.

मबार्का तिला डोळ्यांपुढे नको असे. मबार्का दिसली की ताहरा ओरडायची, "आली गं बाई धोबीण! लांबून जा, माझं मापटं अजून भरलं नाही!" आणि खांद्यावरून तीनदा थुंकायची. मबार्का जाता जाता उत्तर द्यायची, "तुझा मळ काढायला माझं एक आयुष्य पुरायचं नाही!" हे रोजचंच होतं.

मग ती साथ आली. मशिदी बंद, शाळा बंद, आणि हमामही बंद. दर्ब लमानच्या हमामची भट्टी मबार्काच्या आठवणीत कधी विझली नव्हती. तिचा नवरा गेला त्या दिवशीही दुसऱ्या कुणी ती पेटती ठेवली होती. ती विझली. मार्च संपत आला होता तरी थंडी हाडात शिरत होती, वरून पाऊस. ज्या भिंतीला पाठ लावून बायका झोपायच्या ती ओली, थंडगार झाली. रस्त्यावर माणूस नाही, दारं बंद, त्यामुळे भाकरीचा तुकडाही नाही. शुक्रवारी दारोदार गरिबांसाठी कुसकुसची, वाफवलेल्या रव्याची थाळी बाहेर यायची, तीही थांबली. मबार्काचंही काम गेलं. घरात पीठ होतं, थोडं तेल होतं. बाकी सगळं हळूहळू संपत चाललं.

गल्लीत कुणाला काही सुचेना, तेव्हा सिहाम पुढे आली. ती नव्या शहरातली शिक्षिका, बायकांची एक संस्था चालवायची. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलींचं वसतिगृह तिच्या ताब्यात होतं. मुली घरी गेलेल्या, खाटा रिकाम्या. ती म्हणाली, "खाटा माझ्या, बाकीचं तुम्ही बघा." मग मशिदीत नमाज पढवणाऱ्या फकीहांनी भोंग्यावरून लोकांना हाक दिली. घरोघरचं मळलेलं पीठ आणलं की भाकऱ्या भाजून देणाऱ्या भट्टीवाल्या अय्यादने रोज भाकऱ्या द्यायचं कबूल केलं. कापडवाल्याने चादरी दिल्या. वस्तीवर सरकारने नेमलेल्या मुकादमाने बाहेर फिरायचे परवाने आणले. आणि दवाखान्याच्या डॉक्टरबाईने अट घातली की आंघोळ केल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय एकही बाई आत येणार नाही, आणि आज संध्याकाळी दार लागलं की ते साथ सरेपर्यंत नव्या माणसाला उघडणार नाही.

"हमाम एक दिवस उघडा की," सिहाम हमामच्या मालकाला, हाज्ज जिलालीला म्हणाली.

"उघडतो. पण लाकूड काय माझ्या दाढीचं जाळू?"

"लाकूड माझ्याकडचं घ्या," अय्याद म्हणाला. "लोकांनी पीठ मळायचंच सोडलंय, मी तरी कुणासाठी ठेवू?"

हाज्ज जिलाली कुरकुरला, पण शेवटी स्वतःच फुंकर मारायला बसला. आणि न्हाऊ घालायला कोण? बाकीच्या घासणाऱ्या बायका साथीच्या भीतीने आपापल्या गावी गेल्या होत्या. उरली मबार्का. सिहामला ती हमामात काम करते एवढंच ठाऊक होतं. दुसरं काम ठाऊक असणारे सगळे तिथे होते, पण त्या गडबडीत एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मबार्काच्याही नाही. ती तर हरखून गेली होती. कितीतरी दिवसांनी पाण्याचा आवाज! तिने हमाम स्वतःच्या हातांनी घासून काढला. कुबट वास मारत होता म्हणून ऊद जाळला. कापडवाल्याच्या कोऱ्या पांढऱ्या चादरी बाकावर ओळीने घडी करून ठेवल्या. बादल्या भरल्या आणि दारात येऊन उभी राहिली.

मुकादम बायकांना घेऊन आला. पुढे ताहरा, मागे त्या दोघी, आणखी मागे बाजारपेठेतल्या काही जणी. ताहराने उंबऱ्यात पाय ठेवला. उदाचा वास आला, मेलेल्याला धुताना जाळतात तोच. पांढऱ्या चादरी दिसल्या. आणि त्या चादरींच्या पुढे, दारातच, तोंडाला कापड बांधलेली, हातात बादली घेतलेली मबार्का.

"पळा!" ताहराने अशी आरोळी ठोकली की हाज्ज जिलालीच्या हातातली फुंकणी खाली पडली. "पळा गं! जितेपणीच धुवायला काढलंय आपल्याला!"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. एकीने मुकादमाच्या हाताला चावा घेतला. एक तिथेच कलमा म्हणत खाली बसली. बघता बघता गल्ली मोकळी. सिहाम रडकुंडीला आली. "काय झालं? काय चुकलं आमचं?" मुकादम हात चोळत म्हणाला, "बाई, संध्याकाळी दार लागणार. मग या रस्त्यावर मेल्या तर मला बोलू नका."

"ताहरा आली तर बाकीच्या येतील," मबार्का म्हणाली. तिने बादली खाली ठेवली आणि एकटीच मागच्या गल्लीत गेली.

ताहरा आपल्या थंड भिंतीला चिकटून बसली होती, दोघींना पंखाखाली घेऊन. पाऊस भुरभुरत होता. मबार्का जरा लांब, समोरच्या पायरीवर बसली.

"ऊठ इथून. गारठून मरशील."

"मरू दे. पण तुझ्या हातून नाही. मला सगळं कळतं. आज न्हाऊ घालणार, उद्या गाडी येणार, सुई टोचणार आणि खड्ड्यात टाकणार. म्हातारी माणसं जड झालीत सरकारला."

"अगं भवाने, तुझ्यावर सुई कोण वाया घालवील?"

ताहराला हसू फुटलं, पण तिने ते गिळलं. "मग चादरी पांढऱ्या कशाला? ऊद कशाला? आणि तू कशाला? गावात दुसरी बाई नव्हती?"

 मबार्काच्या डोळ्यांपुढे ती बाकावरची पांढरी रांग आली आणि तिने कपाळावर हात मारला. "हाय अल्ला! अगं माझ्या लक्षातच आलं नाही. कापडवाल्याकडे पांढऱ्याच होत्या गं. आणि बाकीच्या बायका गावाला पळाल्या. खरंच सांगते, दुसरी कुणी नव्हती."

ती हे इतक्या कळवळून म्हणाली की ताहराने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.  शेजारची बाई थंडीने कुडकुडत होती, तिचे दात वाजत होते. ताहराने तिचे हात आपल्या हातांत धरले आणि म्हणाली, "येते. पण आधी मी तुला धुणार. मेलेलं माणूस दुसऱ्याला धूत नाही. म्हणजे मला कळेल की मी जिती आहे."

"मला? मला धुणार तू?"

"का, तुला मळ लागत नाही?"

"बरं. धू."

"आणि शपथ घे. मी आडवी पडलेली असताना तुझं हे तोंड मला माझ्यावर वाकलेलं दिसता कामा नये. आजारात नाही, मरणात नाही. मी आडवी दिसले तर दारातूनच परत फिरायचं."

"अल्लाशपथ," मबार्का म्हणाली. "आडवी दिसलीस तर दारातून परत फिरेन. झालं समाधान? आता ऊठ, पाणी निवतंय."

हमामात गेल्यावर मबार्काने पांढऱ्या चादरी नजरेआड केल्या आणि स्वतःच्या खोलीतले जुने रंगीत पंचे आणले. मग ती ताहराला पाठ करून जमिनीवर बसली. हमामातल्या इतर घासणाऱ्या कामानंतर एकमेकींची पाठ घासत. मबार्काची पाळी आली की कुणाला तरी उशीर होत असे, कुणाचा तरी हात दुखत असे. तिची पाठ कितीक वर्षांत दुसऱ्याच्या हाताला लागली नव्हती. ताहराने मोजा चढवला, काळा साबण लावला आणि घासायला सुरुवात केली. हातात जोर नव्हता, पण मनापासून घासत होती.

"काय गं हे! दुसऱ्यांचा मळ काढत आयुष्य गेलं आणि तुझ्या पाठीवर शेत पिकेल की!"

मबार्का हसली, आणि हसता हसता तिला रडू यायला लागलं. वाफेत कुणाला दिसलं नसेल असं तिला वाटलं. ताहराने तिच्या डोक्यावरून ऊन पाण्याची बादली ओतली.

मग ताहराची पाळी. सगळ्या बायका घासून घ्यायला फरशीवर आडव्या होतात, ही मात्र ताठ बसून राहिली. मबार्काने बसल्या बसल्याच तिचं अंग घासलं. थंडीने फुटलेल्या टाचा, भिंतीवर घासून राठ झालेली कोपरं. केसांना न्हायची माती लावली आणि गुंता सोडवला. वाफेने ताहराची जीभ सैल झाली.

"घरी काय खातेस तू?"

"भाकरी. चहा."

"चहा तरी गोड आहे ना?"

"साखर कधीच संपली. बिनसाखरेचाच पिते."

"बिनसाखरेचा चहा!" ताहरा किंचाळली. "अगं, त्यापेक्षा माझ्यासारखी रस्त्यावर ये! त्या मास्तरीणबाईला सांग की. ती पीठ-साखरेच्या टोपल्या वाटतेय."

"मी इथे द्यायला आलेय, घ्यायला नाही."

"मोठी आली देणारी! पाठीवर शेत, पोटात वारा!"

एकेक करून बाकीच्याही आल्या. गुलाबी गालांनी, ओल्या केसांनी, कुणाच्या तरी जुन्या झग्यांत त्या वसतिगृहाकडे निघाल्या तेव्हा खिडक्यांतून बायकांनी लग्नात घालतात तसे जीभ हलवत आनंदाने लुलुकार घातले. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या आत गेल्या. दार लागलं. सिहामने दुरूनच मबार्काला हात केला. मबार्का घरी आली, बिनसाखरेचा चहा केला आणि तिला वाटलं, जन्मात एकदा तरी असं झालं की जिला आपल्या हातात मरण दिसलं ती आपल्याच हातून न्हाऊन चालत गेली.

पुढचे काही दिवस बरे गेले. वसतिगृह गल्लीच्याच टोकाला. मबार्का खाली रस्त्यात जाऊन उभी राहायची आणि ताहरा वरच्या जाळीतून ओरडायची, "धोबिणी! आज मसूर होते! तू काय खाल्लंस?"

"बकरं कापलं!"

"खोटारडी! चहा गोड होता का?"

"मधासारखा!"

"खोटारडी!" ताहरा पुन्हा ओरडायची आणि जाळीवर हात आपटून हसायची. मग मबार्काच्या परवान्याची मुदत सरली. मुकादमाने तिला हात जोडून सांगितलं, आता घरात बस बाई, वरून फार कडक झालंय. ती घरात बसली. पीठ संपत आलं. शेजारणींच्या चुलीचा वास आला की ती खिडकी लावून घ्यायची. सिहामला फोन करून "मलाही टोपली पाठव" म्हणणं तिच्या जिभेवर येईना ते येईनाच.

आजार वसतिगृहात शिरला. भाकऱ्यांच्या पाटीबरोबर आला, की दूधवाल्याच्या हाताबरोबर, कोण सांगणार? आधी अर्धवेड्यांतली एक तापली. ती सावरली. मग ताहरा तापली. तिला मुलींच्या शिवणाच्या खोलीत वेगळं ठेवलं. मोठ्या इस्पितळात जागा नव्हती, गाडी आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं.

सकाळी सिहामचा फोन आला. "मावशी, ताहराची तब्येत बरी नाही. ती सारखं तुझं नाव घेतेय. डॉक्टरबाई म्हणाल्या, तोंड बांधून ये, दारातून बोल. मी परवाना पाठवते."

 मबार्काला रहमा आठवली. भिंतीकडे वळलेलं ते तोंड, ती किंकाळी. आपलं नाव घेतेय! म्हणजे तापात तिला आपण दिसतोय. बादली घेऊन दारात उभी. त्या बिचारीचा भीतीनेच जीव जाईल.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "मी येणं बरं नाही."

"का? ती बोलावतेय तुला."

"बोलावत नाही ती, घाबरलीये. तुला नाही कळायचं. शपथ आहे माझ्यावर. तिला सांग, मबार्का येणार नाही म्हणाली. अगदी येणार नाही, निर्धास्त राहा. एवढं नक्की सांग हं. तिला बरं वाटेल."

सिहाम गोंधळली, पण म्हणाली, "सांगते."

मबार्काने घरात होतं नव्हतं ते पीठ काढलं, त्याचंच पातळ सूप केलं आणि अय्याद भाकऱ्यांची पाटी घेऊन निघाला होता त्याच्या हाती दिलं. मग कोपऱ्यावर उभी राहिली, आयुष्यभर राहिली तशी. अय्याद परत आला. भांडं भरलेलंच होतं.

"घोटभरसुद्धा घेतलं नाही तिने," तो म्हणाला. मबार्काने भांडं घरी आणलं आणि झाकून ठेवलं. सबंध दिवस तिने चपला दाराशी काढून ठेवल्या होत्या. पायात घालायची, उंबऱ्यापर्यंत जायची, परत यायची. "नको गं नको," असं स्वतःलाच बजावायची. "तुला बघून आजवर कुणी बरं झालंय का?"

दुसऱ्या दिवशी, फार ऊन चढलं नव्हतं तेव्हा, गल्लीत गाडीचा आवाज आला. मबार्का चपला न घालताच धावली. वसतिगृहाच्या दारात अंगभर पांढरे पोशाख घातलेले लोक एक बंद पेटी उचलून बाहेर आणत होते. पेटी बघितल्यावर कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

तरी ती त्यांच्या आडवी गेली. "थांबा! न्हाऊ घातलंय का तिला?"

"बाजूला व्हा, बाई."

"अहो, मी धुते! माझं कामच आहे ते. मला त्या रोगाचं भय नाही. एक बादली पाणी घेते, वेळ नाही लागणार. तिला अशीच नका नेऊ, मळकी नका नेऊ हो!"

"परवानगी नाही. पेटी उघडत नाहीत." तो माणूस तरुण होता. "माफ करा, आई."

फकीह जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मबार्का, साथीत गेलेल्याला या सगळ्याची माफी आहे. अल्ला जाणतो."

"माफी तुम्हाला असेल!" मबार्का त्यांच्या अंगावर ओरडली. उभ्या आयुष्यात ती फकीहांशी अशी बोलली नव्हती. "गल्लीतल्या सगळ्यांना धुतलं मी! सासूला धुतलं! आणि हिला... हिला कोण?" ती दोन्ही हातांनी मांड्या बडवायला लागली. फकीहांनी मान खाली घातली. पेटी गाडीत सरकली.

सिहाम दारातून बाहेर आली. रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं. तिने मबार्कापासून हातभर अंतरावर पायरीवर रुमालाची एक पुरचुंडी ठेवली. "मावशी, हे तुझ्यासाठी आहे. पेटीत घालू नका, मबार्काला द्या म्हणाली होती."

मबार्काने पायरीवर बसून गाठ सोडली. आत साखरेचे खडे होते. चहाबरोबर रोज प्रत्येकीला मिळतात ते. मुठीत धरून धरून त्यांच्या कडा विरघळल्या होत्या, रुमाल चिकट झाला होता.

"आल्यापासून एक खडा खाल्ला नाही तिने," सिहाम म्हणाली. "मी रागवायचे, तर म्हणायची, ती बाई कडू चहा पिते आणि माझ्याशी खोटं बोलते."

मबार्काने रुमाल छातीशी धरला. "मग ती... घाबरली नव्हती?"

"घाबरेल कशाला? वाट बघत होती तुझी." सिहामला हुंदका आला. "पण काय वेड घेतलं होतं डोक्यात कोण जाणे. आम्ही तिला झोपवायचो आणि ती उठून बसायची. एवढ्या तापात! डॉक्टरबाई विनवायच्या, पड जरा, छातीला आराम दे. तर म्हणायची, मला आडवी करू नका. मबार्का येणारे. मी आडवी दिसले तर ती दारातूनच परत जाईल, तिने शपथ घेतलीये. तुझा निरोप सांगितला तरी ऐकेना. म्हणाली, तिला वाटत असेल मी पडलेय, तिला सांगा मी बसलेय. मी तुला पुन्हा फोन करणार होते गं, पण तेवढ्यात दुसरी एक तापली, मग तिचंच... भिंतीला पाठ लावून बसली होती, साखर हातात धरून. बसल्या बसल्याच गेली, मावशी."

गाडी सुरू झाली होती. मबार्का उठली, अनवाणी तिच्यामागे धावली, रुमालातले खडे रस्त्यावर सांडले. "मी आले असते गं!" ती ओरडली. "ताहरा, मी आले असते! तू बसलीयेस हे मला कुणी सांगितलंच नाही!" गाडी हमामाच्या भिंतीपाशी वळली आणि निघून गेली.